चुकीच्या बटणामागची स्लाइड

पाडव्याच्या आसपास आमची शाळा सकाळची होते. अकराच्या सुमारास, शेवटच्या तासाला, बालाघाटाच्या माळावरचे ऊन वर्गात असे शिरते की भिंतीवर प्रोजेक्टरचे चित्र दिसावे म्हणून खिडक्यांना चादरी बांधाव्या लागतात. अशाच एका तासाला पाचवीच्या वर्गात दशांश अपूर्णांकांचा खेळ चालला होता. खेळ म्हणजे पॉवरपॉइंटची एक फाइल, शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावरून फिरत फिरत आलेली. निळ्या पडद्यावर प्रश्न, खाली दोन रंगीत बटणे, बरोबर बटण दाबले की टाळ्यांचा कडकडाट आणि वर उडणारे फुगे. ‘०.३५ आणि ०.५ यांपैकी मोठी संख्या कोणती?’ हा प्रश्न आला आणि तो वाचून व्हायच्या आत पुढच्या ओळीतील दोघांनी उत्तर ओरडून सांगितले. मी बटण दाबले, फुगे उडाले आणि त्या कोंदट अंधारात सगळा वर्ग टाळ्या पिटू लागला. टाळ्या ओसरल्यावर खिडकीजवळ बसलेल्या एका मुलीने हात वर केला आणि म्हणाली, “मॅडम, चुकीचं दाबलं की काय येतंय, ते दावा की.” मी मागे जाऊन दुसरे बटण दाबले. भोंगा वाजला, लाल फुली आली, ‘चूक! पुन्हा प्रयत्न करा’ अशी अक्षरे आली आणि पडदा पुन्हा त्याच प्रश्नावर जाऊन थांबला. “एवढंच व्हय?” असे म्हणून ती खाली बसली.

ती नुकतीच गावी परतली होती. दिवाळी झाली की तिचे आईवडील टोळीबरोबर ऊसतोडीला जातात आणि घरी सांभाळणारे कोणी नसले की तीही जाते. आमच्याकडे दिवाळीनंतर वर्गातील ओळी विरळ होतात आणि पाडव्याच्या सुमारास पुन्हा भरू लागतात. मधल्या महिन्यांत जे शिकवून झाले ते त्या लेकरांच्या वाट्याला आलेलेच नसते. मी दशांश अपूर्णांक शिकवले तेव्हा ही मुलगी कुठल्या तरी फडाच्या कडेला कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, धाकट्या भावाला सांभाळत असणार. त्या तासाला वर्गात एवढा गलका होता, एवढा उत्साह होता, आणि त्या सगळ्या उत्साहात तिला उत्तर माहीत नव्हते. ज्याला उत्तर येते त्याच्यासाठी खेळात फुगे होते. ज्याला येत नाही त्याच्यासाठी काय आहे, एवढेच तिने विचारले होते.

तो प्रश्न माझ्या मनातून काही केल्या जाईना.

पॉवरपॉइंट हे साधन मुळात खेळासाठी घडलेलेच नाही, हे मला यानिमित्ताने पुन्हा ध्यानात आले. रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांनी फोरथॉट नावाच्या लहानशा कंपनीत ते घडवले. १९८७ साली ते मॅकिंटॉश संगणकासाठी बाजारात आले आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी १ कोटी ४० लाख डॉलरना विकत घेतली. पहिली आवृत्ती कृष्णधवल होती आणि तिचे मुख्य काम ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवायच्या पारदर्शिका तयार करून देणे हे होते. एक माणूस उभा राहून बोलणार, बाकीचे बसून पाहणार, एकामागून एक पान पुढे सरकणार, असा त्याचा मूळ बेत. गंमत अशी, की त्याच वर्षी ॲपलमध्ये बिल ॲटकिन्सन यांनी हायपरकार्ड नावाचे दुसरेच साधन तयार केले. त्यात कार्डांची चळत असे आणि कुठल्याही कार्डावरच्या बटणाने कुठल्याही दुसऱ्या कार्डावर जाता येत असे. प्रोग्रामिंग न येणाऱ्या सामान्य माणसाला वाटा फुटणारी गोष्ट रचता यावी, हा त्यामागचा हेतू. हायपरकार्ड पुढे मागे पडले आणि पॉवरपॉइंट जगभर पसरले. आज मराठवाड्यातील कुठल्याशा खेड्यात रात्री जेवणे उरकल्यावर लॅपटॉप उघडून स्लाइडवरच्या चौकोनाला दुसऱ्या स्लाइडची लिंक जोडणारा शिक्षक सरळ रेषेत चालणाऱ्या साधनाकडून त्या मागे पडलेल्या साधनाचे काम करून घेत असतो. ही धडपड मला फार मोलाची वाटते, कारण तिच्यात वर्गाला नुसते प्रेक्षक म्हणून बसवण्याला नकार आहे.

काम तसे अवघड नाही, फक्त बारकावे सांभाळावे लागतात. स्लाइडवर आकार काढायचा, तो निवडून लिंकमध्ये ‘याच फाइलमधील जागा’ हा पर्याय घ्यायचा आणि हवी ती स्लाइड दाखवून द्यायची, की झाले बटण. अडचण अशी, की बटणाच्या बाहेर कुठेही क्लिक केले तरी शो पुढच्या स्लाइडवर जातो आणि पुढची स्लाइड बहुधा उत्तराचीच असते. मुलांना हे पहिल्या पाच मिनिटांत कळते. त्यावर उपाय म्हणजे शोच्या मांडणीत किऑस्कचा पर्याय निवडणे. मग मोकळ्या जागी कितीही क्लिक केले तरी पडदा हलत नाही, फक्त लिंक चालतात. रकाने करून गुणांचा फळा मांडायचा असेल तर लिंक चौकोनाला न देता आतल्या आकड्याला द्यावी, म्हणजे एकदा उघडलेल्या प्रश्नाच्या आकड्याचा रंग आपोआप बदलतो आणि कोणते प्रश्न होऊन गेले ते वर्गाला दिसत राहते. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टंकावा. जुन्या फॉन्टमध्ये रचलेली कितीतरी चांगली फाइल दुसऱ्या शाळेच्या संगणकावर उघडल्यावर अगम्य चिन्हांचा ढीग होऊन बसते आणि तिच्यामागची कुणाची तरी रात्रभराची मेहनत वाया जाते. हे सगळे शिकून घेण्यासारखे आहे आणि शिकता येते. पण हे सगळे जमले तरी त्या मुलीच्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही.

आपल्या वर्गांतील बहुतेक स्लाइड-खेळांचा साचा दूरदर्शन संचावरून आला आहे. २००० साली ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झाले आणि प्रश्न, चार पर्याय, घड्याळाची टिकटिक, ताणलेले संगीत, हे सगळे घराघरांत पोचले. त्या कार्यक्रमात चुकणारा माणूस उठून जातो आणि त्याच्या जागी दुसरा येतो. तिथे ते रास्तच आहे. वर्गात मात्र जो चुकला त्याच्यासाठीच तो तास असतो. तोच बाद झाला आणि ज्याला येत होते तोच पुढे खेळत राहिला, तर तास संपेपर्यंत नवे असे कोणीच काही शिकलेले नसते. टाळ्या आणि फुगे यांच्याबद्दलही हेच म्हणावेसे वाटते. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मायर यांनी चित्र, शब्द आणि ध्वनी यांच्या साहाय्याने माणूस कसा शिकतो यावर वर्षानुवर्षे प्रयोग केले. विषयाशी संबंध नसलेली चित्रे आणि आवाज काढून टाकले की शिकणे सुधारते, हे त्यांतून पुन्हा पुन्हा दिसले. फुगे उडत असताना मुलांचे डोळे फुग्यांकडे असतात. ०.५ मोठे का, हा विचार त्याच क्षणी व्हायला हवा असतो आणि नेमका त्याच क्षणी तो राहून जातो.

मला मोक्षपटाची आठवण होते. पैठणजवळचे आपेगाव आमच्यापासून फार लांब नाही. ज्ञानेश्वरांच्या घराण्याचे ते गाव, आणि मोक्षपटाची परंपरा ज्ञानेश्वरांच्याच नावाशी जोडली जाते. सापशिडीच्या त्या जुन्या पटावर साप नुसता गिळत नाही. ज्या घरात त्याचे तोंड आहे तिथे क्रोध, लोभ, मत्सर असे काही लिहिलेले असते. खेळणारा खाली घसरतो, पण कशामुळे घसरलो ते वाचून घसरतो. शिकवण्यासाठी रचलेल्या खेळाचे सगळे कसब मला त्या लिहिलेल्या घरात दिसते. आमच्या पडद्यावरच्या लाल फुलीला नाव नव्हते. मोक्षपटात एक उणीव मात्र राहते: दान कवड्यांवर ठरते, खेळणाऱ्याच्या विचारावर नाही. पडद्यावरच्या खेळात ही उणीव भरून काढता येते. पुढचे घर कोणते, हे मुलाने काय विचार केला त्यावर ठरवता येते. हे एवढे बळ हाताशी असताना आपण ते फुगे उडवण्यात घालवू नये, असे मला मनापासून वाटते.

म्हणून मी त्याच प्रश्नापासून सुरुवात केली. ०.३५ मोठे असे म्हणणारे मूल आळशी नसते. पस्तीस पाचांपेक्षा मोठे असतात, हे त्याला चौथीपर्यंत आपणच शिकवलेले आहे आणि तोच नियम ते दशांश चिन्हाच्या पलीकडे घेऊन जाते. मेलबर्न विद्यापीठातील केय स्टेसी आणि विकी स्टाइनली यांनी मुलांच्या दशांश अपूर्णांकांतील चुकांचा पद्धतशीर अभ्यास केला आहे. त्यात ही ‘जितके अंक जास्त तितकी संख्या मोठी’ अशी समजूत दिसतेच, पण तिच्या अगदी उलट समजूतही दिसते: जितके अंक कमी तितकी संख्या मोठी. शतांश हे दशांशापेक्षा लहान असतात, एवढेच धरून बसलेले मूल लांब संख्येला सरसकट लहान ठरवते. हे वाचल्यावर मी त्या फाइलकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले. ०.३५ आणि ०.५ या जोडीत दुसऱ्या समजुतीचे मूल अगदी बरोबर उत्तर देते आणि त्याच्यासाठीही फुगे उडतात. त्याची चूक त्या फुग्यांखाली झाकली जाते. तेव्हा आता बरोबर बटणामागे फुगे नाहीत, दुसरा प्रश्न आहे: ०.७५ आणि ०.५ यांपैकी मोठी कोणती? तिथे ते मूल ०.५ म्हणते आणि सापडते. मग त्याला ज्या स्लाइडवर नेले जाते ती वेगळी, आणि ०.३५ म्हणणाऱ्याला जिथे नेले जाते ती वेगळी.

०.३५ च्या मागची स्लाइड काय असावी यावर मी बराच विचार केला. पुस्तकात पैशांचे उदाहरण असते, पण पन्नास पैसे आणि पस्तीस पैसे हा फरक आजच्या लेकरांच्या हाताला कधी लागलेलाच नाही. शंभर चौकटींचे जाळे काढून पाहिले. ते बरे होते, पण कोरडे होते. शेवटी किराणा दुकानातील इलेक्ट्रॉनिक काटा काढला, त्यावर लाल अंकांत ०.५०० आणि ०.३५०. अर्धा किलो साखर आणि साडेतीनशे ग्रॅम साखर यांत जास्त कोणती, हे सांगायला आमच्या एकाही मुलाला गणित लागत नाही. हे दाखवले तेव्हा ती खिडकीजवळची मुलगी म्हणाली, की असे आकडे साखर कारखान्याच्या पावतीवर असतात. उसाची टायरगाडी, म्हणजे टायरची चाके असलेली बैलगाडी, वजनकाट्यावरून उतरली की जी पावती मिळते तिच्यावर टनांचा आकडा तीन दशांश स्थळांपर्यंत छापलेला असतो आणि वडील ती पावती तिच्याकडूनच वाचून घेतात. मी फळ्यावर २.५०० आणि २.३५० असे लिहिले आणि विचारले, कोणती खेप जड? “अडीच टन जास्तच की,” ती म्हणाली. तिला विचार करावा लागला नाही. पुढच्या ओळीतील मुले वळून तिच्याकडे पाहू लागली. आता त्या चुकीच्या बटणामागे किराणा दुकानाच्या काट्याबरोबर एक रेखाटलेली पावतीही आहे, टायरगाडीचे चित्र असलेली.

यात आणखी एक पेच होता. पडदा एक, माउस एक आणि मुले सगळी. कहूट नावाचा नॉर्वेमधील खेळ २०१३ पासून जगभर चालतो, पण त्याला प्रत्येकाच्या हाती मोबाइल किंवा संगणक लागतो. प्लिकर्स नावाच्या ॲपमध्ये मुलांच्या हाती कागदी कार्डे आणि फक्त शिक्षकाकडे मोबाइल एवढ्यावर भागते. कार्ड कोणत्या बाजूने उभे धरले आहे त्यावरून मोबाइलचा कॅमेरा उत्तर ओळखतो. ते चांगलेच आहे. पण आमच्याकडे पाटी आहे आणि पाटीला चार्जिंग लागत नाही. प्रश्न आला की कोणी बोलायचे नाही. प्रत्येकाने पाटीवर अ किंवा ब लिहायचे, पाटी छातीशी धरायची आणि मी सांगितल्यावर सगळ्यांनी एकदम वर करायची. ओल्या फडक्याने पुसलेल्या पाट्यांचा तो वास, पेन्सिलीची किरकिर आणि नंतरची शांतता मला फार आवडते. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक मॅझर यांनी १९९० च्या दशकात जी रीत रूढ केली तीच इथेही लागू पडते. आधी प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यायचे, मग शेजाऱ्याला आपले म्हणणे पटवायचे आणि पुन्हा उत्तर द्यायचे. पाचवीतील मुले एकमेकांना पटवताना जे बोलतात ते ऐकत वर्गातून फिरणे हे माझ्या नोकरीतील सर्वांत समाधानाचे काम आहे. मग बहुमत ज्या बाजूला असेल ते बटण मी दाबते, ते चुकीचे असले तरी. सगळा वर्ग मिळून चुकीच्या वाटेने जातो, तिथला काटा पाहतो, पावती वाचतो आणि परत येतो. वीज गेली तरी पाट्या चालूच राहतात. फक्त पावती मला फळ्यावर काढावी लागते.

एका अनुभवी सहकाऱ्याचा आक्षेप आहे, की यात वेळ फार जातो आणि पाठ्यक्रम मागे राहतो. वेळ जातो हे खरेच आहे. पूर्वी तासाला दहा प्रश्न होत, आता चार होतात, आणि त्या चारांसाठी वीसएक स्लाइड कराव्या लागतात. पण नुसते पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून उत्तर देण्याने गोष्ट जास्त काळ टिकते, याला भक्कम आधार आहे. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा वाचला आणि दुसऱ्याने न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर चित्र उलटले आणि आठवून लिहिणारे पुढे गेले. आमच्या मुलांना तर आठवड्याच्या नव्हे, हंगामाच्या अंतराने वर्गात परतायचे असते. त्यांच्यापाशी जे टिकेल तेच खरे. मात्र सहकाऱ्यांच्या म्हणण्यातील एक भाग मी पूर्णपणे मान्य करते: प्रत्येक पाठाचा खेळ करू नये. कवितेचा तर मुळीच करू नये. ती म्हणावी, पुन्हा म्हणावी, तिच्यात बटणे शोधू नयेत.

काही पाठ असेही असतात, की तिथे चुकीचे बटणच नसते. परिसर अभ्यासात पाण्याचा विषय आला तेव्हा मी जायकवाडीचा खेळ रचला. पडद्यावर नाथसागर, त्यात दहा हंडे पाणी, महिना फेब्रुवारी. पिण्याला किती, उसाला किती, इतर पिकांना किती, कारखान्यांना किती, हे मुलांनी ठरवायचे आणि प्रत्येक निवडीमागे मे महिन्याची वेगळी स्लाइड. एका वाटेवर बाग जळते, एका वाटेवर टँकर येतो, एका वाटेवर कामगारांची पाळी बंद होते. मिरजेहून लातूरला ५ लाख लिटर पाणी घेऊन निघालेली २०१६ ची जलदूत रेल्वेही एका स्लाइडवर आहे. मुलांनी ती पाहिलेली नाही, पण घरी त्या उन्हाळ्याविषयी ऐकलेले आहे. उसाच्या हंड्यावर वर्गात असा वाद झाला की मधली सुट्टी झाली तरी कोणी उठेना. ऊस बंद केला तर आम्ही तोडायला कुठं जायचं, असे एकाने विचारले आणि दुसरा म्हणाला, मग गावातच राहशील की. या दोन्ही वाक्यांना पुरेल अशी स्लाइड मला अजून करता आलेली नाही. त्या जागी सध्या एक कोरी स्लाइड आहे आणि तिथे आल्यावर मुलांनी स्वतः लिहायचे, असे ठरले आहे.

अशा फाइली गटावर पाठवताना बरेच जण त्या थेट शोच्या स्वरूपात पाठवतात, म्हणजे कोणी हात लावू नये. त्यामागची काळजी मी समजू शकते, पण मी माझी फाइल उघडीच पाठवते आणि सोबत लिहिते, की बरोबर उत्तरांच्या स्लाइड तशाच राहू द्या, पण चुकीच्या मात्र आपल्या वर्गाच्या वह्या पाहून बदला. कापूस वेचणाऱ्या घरातील लेकरांना टायरगाडीची पावती कशाला? त्यांना कापसाच्या क्विंटलचा काटा हवा. गेल्या महिन्यात हिंगोलीकडच्या एका शिक्षिकेने फाइल परत पाठवली, तिच्यात एक नवे बटण जोडून. ०.५ आणि ०.५० यांपैकी मोठी कोणती, या प्रश्नाला तिच्या वर्गातील निम्म्याहून अधिक मुले ०.५० म्हणाली होती, कारण पन्नास. तिने बटण केले आहे, प्रश्न लिहिला आहे आणि मागची स्लाइड कशी असावी ते मला विचारले आहे. किराणा दुकानाचा काटा इथे उपयोगाचा नाही, कारण तो दोन्ही वेळा ०.५०० असेच दाखवतो. की तेच दाखवावे?